'बाई आल्या' आणि 'बाई आली'

बंगळुरात राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या आई सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात तीस वर्षं शाळेत शिकवत होत्या. सगळं गाव त्यांना 'बाई' म्हणे. वडिलांची ओळखसुद्धा 'बाईंचे मिस्टर' अशीच. परवा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. स्पीकरवर 'बाई, ओळखलंत का?' हे ऐकून हिंदी सिनेमे बघत वाढलेल्या नातीनं विचारलं, 'आजी पूर्वी कुणाकडे कामाला होती का?' ताई विचारतात, बाई या शब्दाचा खरा अर्थ कुठला? आणि त्याला धुण्याभांड्यांपाशी नेऊन बसवलं ते हिंदी सिनेमानं का?

दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हणून मोकळं व्हायला मलाही आवडलं असतं. सिनेमाला बोल लावला की आपण सुटतो. पण आधी पहिला प्रश्न घेऊ.

मराठीत बाई म्हणजे स्त्री, कुठलीही. नावाला जोडली की मान: जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई, ताराबाई. संत घराण्यातली मुक्ताबाई आहे आणि जळगावची बहिणाबाईही आहे. शाळेत बाई म्हणजे शिक्षिका, आता ती जागा मॅडम, मिस आणि टीचर यांनी बळकावली असली तरी. कोकणात लाडानं 'बाय', काही घरांत चक्क आईलाच बाई. शिवाय बायकांच्या बोलण्यात ती अर्थ नसलेली, पण हटवता न येणारी बाई आहे: 'नको गं बाई', 'कशी बाई विसरले मी', 'अगं बाई, दूध उतू गेलं!' तिथं कुणालाही हाक मारलेली नसते. पुरुषानं हे वाक्य उच्चारलं तर लोक वळून बघतात.

हे फक्त मराठीपुरतं नाही. राजस्थानात मीराबाई झाली, तिथल्या राजपूत घरांत लेकीला बाईसा म्हणतात. पारशी घरांत जेरबाई, मोतलीबाई. मात्र उत्तरेत या शब्दाला आणखी एक वळण लागलं. मैफलीत गाणाऱ्या, कोठ्यावर नाचणाऱ्या स्त्रियांच्या नावामागेही बाईच लागत असे, आणि तिथं ऐकणाऱ्याच्या मनात मानाबरोबर दुसरंही काही येई. नर्गिसची आई जद्दनबाई १९३०च्या दशकात सिनेमे काढत होती, त्यांना संगीत देत होती, पण नावातल्या बाईमुळे लोकांच्या भुवया वर जायच्या त्या जायच्याच. अख्तरीबाई फैजाबादी पुढे बेगम अख्तर झाली. आपल्याकडे मात्र केसरबाई, मोगूबाई, हिराबाई शेवटपर्यंत बाईच राहिल्या आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. एकच प्रत्यय नर्मदेच्या अलीकडे एक वजनाचा आणि पलीकडे दुसऱ्या.

तर हिंदी सिनेमा मुंबईत उभा राहिला तेव्हा त्याच्या हाताशी दोन बाया होत्या: उत्तरेकडची कोठ्यावरची आणि इतिहासातली राणी. तिसरी, धुणीभांडी करणारी, त्याला याच शहरात मिळाली. या तिघींची एकमेकींशी ओळख नाही, हीच तर गंमत आहे. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मध्ये दुर्गाबाई खोटे जोधाबाई झाल्या, म्हणजे एका मराठी बाईंनी रजपूत बाईचं काम केलं. 'बाजीराव मस्तानी'त (२०१५) राधाबाई आहेत, काशीबाई आहेत. प्रेक्षक या राण्यांना बघतो आणि घरी येऊन म्हणतो, 'आज बाई नहीं आयी.' राणीच्या नावातली बाई आणि न आलेली बाई हा एकच शब्द आहे, असं त्याच्या डोक्यातही येत नाही.

तिसरी बाई कशी तयार झाली, याबद्दलचं माझं मत सांगतो. मुंबईत घाटावरून, कोकणातून आलेल्या बायका घरकाम करू लागल्या. त्यांना त्यांच्या गावात शांताबाई, सखूबाई, गंगूबाई म्हणत, तसंच त्या इथंही सांगत. मालकीण मराठी असली तर तीही कुणाची तरी रमाबाई असे. कामवाली तिला 'बाई' म्हणे आणि ती कामवालीला 'सखूबाई'. दोघींत अंतर होतंच, पण प्रत्यय एकच होता. ज्या घरांत मराठी नव्हती तिथं मात्र ऐकू आलं ते असं: कामाला येणाऱ्या सगळ्याजणींच्या नावात 'बाई' असतं. म्हणजे बाई हे कामाचं नाव असणार! शांता गळाली, सखू गळाली, शेपूट उरलं. पुरुषांच्या बाबतीत नेमकं उलट घडलं. कोकणातून आलेल्या घरगड्यांपैकी कुणी रामा नावाचा असेल, तर मुंबईतल्या गुजराती-पारशी घरांत पुढचे सगळे गडी 'रामा' झाले. तिथं एकाचं नाव सगळ्यांना चिकटलं. इथं सगळ्यांचा प्रत्यय राहिला आणि नावं गेली.

आता कान जरा जवळ न्या, कारण खरी गोष्ट नामात नाहीच, क्रियापदात आहे. मराठीत 'बाई आल्या' म्हटलं की वर्गात शांतता होते. 'बाई आली' म्हटलं की मोरीतली भांडी आठवतात. आणि 'बाईमाणूस आलं' म्हटलं की दारात कुणीतरी अनोळखी उभी आहे, काळजीचं काहीतरी असावं. आल्या, आली, आलं: शब्द तोच, मान मोजला जातो तो शेवटच्या अक्षरात. 'अहो बाई' आणि 'ए बाई' यांतही तेच. मराठी माणसाला हा फरक कुणी शिकवत नाही. तीन वर्षांचं पोरही चुकत नाही.

हिंदीतही आदरार्थी बहुवचन आहे. पण स्त्रीसाठी ते बऱ्याचदा एका अनुस्वारावर येऊन थांबतं. 'बाई आयी' आणि 'बाई आयीं' यांत फरक आहे तो नाकातून निघणाऱ्या अर्ध्या स्वराचा, आणि रोजच्या बोलण्यात तोही विरून जातो. 'जी' लावायची सोय आहे, पण 'बाईजी' म्हटलं की थेट कोठ्यावर. म्हणजे मराठीतली बाई हिंदीत गेली तेव्हा तिच्याबरोबर जी मोजपट्टी जायला हवी होती, ती इथंच राहिली. शब्दाला हिंदीनं मुद्दाम खाली ओढलं असं मला वाटत नाही. त्याला धरून ठेवणारं क्रियापद तिथं नव्हतं.

पण ताई, 'बाई आली नाही' हे वाक्य हिंदी सिनेमानं आपल्याला शिकवलेलं नाही. ते आपलंच आहे. माझ्या आजीच्या तोंडी 'आज शेवंताबाई आल्या नाहीत' असं असायचं. आईच्या तोंडी 'शेवंताबाई आली नाही.' माझ्या घरात 'बाई आली नाही.' तीन पिढ्यांत आधी क्रियापद उतरलं, मग नाव गेलं, आणि यातला कुठलाही टप्पा पडद्यावर घडलेला नाही. आमच्या ठाण्याच्या सोसायटीत फाटकावर वही असते. एकदा कुरिअर आलंय का ते बघताना सकाळचं पान दिसलं. ड्रायव्हरांची नावं, पेपरवाल्याचं नाव, पाण्याच्या कॅनवाल्याचं दुकान, आणि मध्ये: '४०२ बाई', '५०१ बाई', '७०३ बाई', '७०३ बाई २'. वॉचमन उत्तर प्रदेशातल्या जौनपूरचा, पण त्याला तसं लिहायला लावणारे आम्हीच होतो. कुणीही त्याला नाव सांगितलं नव्हतं. मीही नाही.

यावर उपाय म्हणून आपण आता 'मावशी' आणि 'ताई' काढलंय. चांगलंच आहे, पण नात्याचा शब्द लावला की रजा मागणं अवघड होतं, हेही काम करणाऱ्या बायकांकडूनच ऐकलंय. जुना शब्द मोलकरीण. मोल घेऊन काम करणारी, म्हणजे त्यात पगार तरी सांगितलेला आहे. १९८० साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला, त्यातून संघटना उभी राहिली, तिनं स्वतःचं नाव 'मोलकरीण संघटना' असंच ठेवलं. आज आपल्याला जो शब्द उच्चारायला लाज वाटते, त्याची त्यांना वाटली नाही. पुढे २००८ साली राज्यानं कायदा केला तो 'घरेलू कामगार कल्याण मंडळा'चा. मराठी कायद्याच्या नावात 'घरेलू'! 'घरकामगार' हा सरळ शब्द हाताशी असताना. असो. आणि 'कामवाली'तली 'वाली'सुद्धा हिंदीचीच, हे जाता जाता.

मग सिनेमाचा यात काहीच दोष नाही का? आहे. पण तो शब्द देण्यात नाही, शब्दाबरोबर जे सामान बांधून दिलं त्यात आहे: नऊवारी, मोठं कुंकू, कमरेवर हात आणि कुठल्याच मराठी बाईच्या तोंडी नसलेली हिंदी. मराठी माणसाची हिंदी खरंच ओळखू येते, पण वेगळ्या ठिकाणी. आपण 'मी आंबा खाल्ला' म्हणतो, 'मी'ला 'ने' लागत नाही, म्हणून हिंदीत 'मैं आम खाया' होतं. तीन लिंगं दोनांत बसवताना दही, पाणी, पुस्तक यांची गडबड होते. हे बारकावे लिहिणाऱ्याला ऐकावे लागतात. त्यापेक्षा प्रत्येक वाक्यात एक 'इच' खुपसणं सोपं.

आणि तो 'इच' तरी कुणाचा? 'ऐसाइच', 'मैंइच' यांतला 'च' आपलाच. 'आयेला', 'सोयेला', 'करेला' हे 'आलेला', 'झोपलेला', 'केलेला' यांच्या साच्यातले. 'आपुन' म्हणजे आपलं 'आपण'. मुंबईच्या हिंदीचे सांधे मराठीनं घातलेत. पण हीच भाषा नायक बोलला की ती ऐट, मोलकरीण बोलली की विनोद. 'रंगीला' (१९९५) आठवा. मिली जोशी, आडनावानं मराठी, काम करणारी उर्मिला मातोंडकरही मराठी. पण ती बोलते स्वच्छ हिंदी. मराठी सांध्यांची हिंदी बोलतो तो ब्लॅकनं तिकिटं विकणारा मुन्ना, आणि टाळ्या त्याला. म्हणजे मराठी आडनाव वर चढलं की मराठी सूर खाली उतरवून ठेवायचा, असा अलिखित नियम दिसतो.

एक किरकोळ गोष्ट, राहवत नाही म्हणून. 'सिंघम'मधलं (२०११) 'आता माझी सटकली' देशभर गेलं आणि उच्चारात फारसं खटकलं नाही. कारण 'माझी'तला झ हिंदीतल्या झ सारखाच. 'माझा' असतं तर तिथंच पकडले गेले असते.

याला अपवाद आहेत. 'श्री ४२०' मध्ये (१९५५) ललिता पवार केळी विकतात. ती 'केलेवाली' असली तरी तिला गंगामाई हे नाव आहे. 'गंगूबाई काठियावाडी'त (२०२२) तर उलटा प्रवास आहे: गंगा आधी गंगू होते, आणि हातात सत्ता आल्यावर गंगूबाई. तिथं बाई ही बढती आहे. काठियावाडची मुलगी, कामाठीपुऱ्यातली वस्ती आणि मराठी-गुजराती दोन्हीकडे चालणारा प्रत्यय. पण मला यात सगळ्यांत आवडतो तो रोहेना गेरा यांचा 'सर' (२०१८). त्यातली रत्ना मराठी आहे, विधवा आहे, मुंबईत एका श्रीमंत माणसाच्या घरी राहून काम करते, तिला शिवणकाम शिकायचंय. काम तिलोत्तमा शोम या बंगाली नटीनं केलंय, आणि कमरेवर हात न ठेवता केलंय. रत्ना मालकाला सिनेमाभर 'सर' म्हणते. शेवट सांगून टाकतोय, पाहायचा असेल तर पुढचं वाक्य सोडा. शेवटी फोनवर तो तिला हाक मारतो आणि ती पहिल्यांदा त्याचं नाव घेते, तिथं सिनेमा संपतो.

आपण तरी इतरांना वेगळं काय केलंय? 'भैया' हा हिंदीत भाऊ. लखनौत भाजीवालाही भैया आणि मोठा भाऊही भैया. आपण तो उचलला, त्याचा 'भय्या' केला, आणि उत्तरेकडून आलेल्या दूधवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या पाठीवर छापला, तोही चांगल्या अर्थानं नव्हे. उडप्याच्या हॉटेलातला प्रत्येक जण 'अण्णा'. मराठी नाटकात वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा गडी आला की प्रेक्षक वाक्य पुरं व्हायच्या आतच हसायला लागतात.

तेव्हा नातीला सांगताना शब्दाचा अर्थ सांगू नका, वाक्य सांगा. आजी वर्गाच्या दारात दिसली की मुलं 'बाई आल्या, बाई आल्या' म्हणत जागेवर पळायची. 'आल्या'वर जोर द्या. बंगळुरात वाढलेल्या मुलीला ते कळेल. कन्नडमध्ये आदराचं बहुवचन रोज तिच्या कानावर पडतच असेल.

आणि कधी मुंबईला आणलंत तर तिला मुंबई सेंट्रलजवळचं नायर रुग्णालय दाखवा. पाटीवरचं 'बा. य. ल.' म्हणजे बाई यमुनाबाई लक्ष्मण. परळला लहान मुलांचं इस्पितळ आहे, बाई जेरबाई वाडिया. दोन्हीकडे बाई दोनदा, एकदा पुढे आणि एकदा मागे. आत गेल्यावर आयाला हाक मारायची झाली तर मात्र 'मावशी'.