लेकीला रक्ताचं काम झेपेल का?

प्रश्न : मुलगी रत्नागिरीत प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. डीएनए तपासणीतच जायचं म्हणते. मॅडम, तुम्ही प्रयोगशाळेत होतात, आता शिकवता. रक्ताबिक्ताचं काम तिला झेपेल का?
– एक आई, गुहागर

उत्तर : ताई, ज्या घरात आठवड्यातून चार दिवस मासळी साफ होते, तिथल्या पोरीला रक्ताचं काय हो! आई सुरमई कापायची तेव्हा मी शेजारी बसलेली असायचे. माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, आपल्या तांबड्या पेशीत नसतं. डाग लाल दिसतो तो ज्या पेशींमुळे, त्यांत केंद्रकातला डीएनए नाहीच. तो मिळतो पांढऱ्या पेशींतून. हे मी पहिल्या तासाला विचारते. निम्मा वर्ग चुकतो.

मालिकेतलं काम विसरा. मुद्देमाल आला की आधी सील ताडून बघायचं, मग कपडा पांढऱ्या कागदावर पसरून डाग शोधायचे. आमसुलाचा, पानाच्या पिंकेचा, गंजाचा, सगळे रक्तासारखेच दिसतात. फिनॉल्फ्थॅलिनच्या चाचणीत रक्त गुलाबी होतं, पण काही भाज्यांच्या रसानंही तसंच होतं. म्हणून पुढच्या चाचण्या. यातच दिवस जातो.

एका जुलैत किनाऱ्यावरच्या एका ठाण्यातून ओली लुंगी आली, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. उघडली तर हिरवी बुरशी आणि कुबट वास. चाचणी तीनदा करून पाहिली, प्रोफाइल, म्हणजे डाग कोणाचा ते ओळखायची डीएनएची खूण, आलंच नाही. सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, प्रोफाइलशिवाय तसाच गेला. तेव्हापासून पोलिसांच्या वर्गात घोकून घेते : आधी वाळवा, मग कागदी पाकीट. एक हवालदार म्हणाले, ‘मॅडम, आमच्याकडे पावसात लंगोट वाळत नाही, मुद्देमाल कुठला वाळायला?’ खरंच आहे. पंख्याखाली वाळवा म्हटलं, उन्हात नको.

आणि कोर्ट. पहिल्या साक्षीत वकिलांनी विचारलं, ‘हा डाग कधी पडला?’ मी म्हटलं, ‘डीएनएवरून ते सांगता येत नाही.’ ते हसले, मी घामाघूम. पण उत्तर तेवढंच होतं. डाग कोणाचा, हे डीएनए सांगतो. कधी पडला आणि कसा, हे नाही. १९८४ साली अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी लेस्टरमध्ये ही पद्धत शोधली. पुढे तिथल्याच खुनाच्या तपासात ती वापरली, तेव्हा आधी सुटला तो कबुलीजबाब दिलेला निर्दोष पोरगा. खरा गुन्हेगार नंतर सापडला.

शिक्षणाचं म्हणाल, तर बी.एस्सी.वर थांबवू नका. मुंबई, नागपूर, संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक सायन्स) संस्था आहेत, तिथला एम.एस्सी.चा प्रवेश बघा. रक्ताचं सोडा, एकच चाचणी चौथ्यांदा करायला सांगितली तर पोरगी वैतागते का, तेवढं मला कळवा.