सातवीचं गणित आणि पाचवीत राहून गेलेला अपूर्णांक

"मॅडम, पाचवीपर्यंत हिला गणितात कधी कमी मार्क नव्हते बघा. इंग्लिश मीडियमला घातलं, आणि आता गणित म्हटलं की पोटात दुखायलंय हिच्या. सातवीचं गणित एवढं अवघड असतंय काय?"

प्रश्न कर्नाटक सीमाभागातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचा. मुलगी पाचवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती, सहावीपासून बेळगावात इंग्रजी माध्यमात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वीस गुणांच्या चाचणीत सहा पडले होते. घरात तीन निदानं तयार होती. आईच्या मते माध्यम, वडिलांच्या मते मोबाईल, ट्यूशनच्या सरांच्या मते 'कॉन्सन्ट्रेशन नाही'. मुलगी काहीच बोलत नव्हती. तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं की आपल्याला गणित येत नाही.

अवघड असतं का? हो, आणि ते मान्य करावं. चौथीपर्यंत संख्या म्हणजे मोजायची वस्तू. सहावी-सातवीत दोन वर्षांच्या आत अपूर्णांक आणि दशांशांवरच्या सगळ्या क्रिया, शून्याखालच्या संख्या आणि संख्येऐवजी अक्षर, हे सगळं अंगावर येतं. आधीचे नियम इथं उलटतात. गुणलं की संख्या वाढते असं चार वर्षं पाहिलेलं मूल अर्ध्यानं गुणून संख्या लहान झालेली बघतं आणि आपलंच चुकलं म्हणून खोडून टाकतं. पण पुस्तकातली सगळी पानं सारखी अवघड नसतात. मूल नेमक्या दोन-तीन जागी अडकतं, आणि त्या जागा बहुतेक वेळा एक-दोन इयत्ता मागं असतात.

त्या जागा शोधायला तिला वीस गणितं दिली, वेळेची मर्यादा न घालता. दहा नुसती आकड्यांची, पाच शाब्दिक मराठीत, आणि पाच त्याच धर्तीची पण वेगळे आकडे घेऊन इंग्रजीत. खोडरबर काढून घेतला. खोडलेलं उत्तर गेलं की त्यामागचा विचारही गेला. आकड्यांची दहापैकी चार बरोबर आली, मराठीतली पाचपैकी तीन, इंग्रजीतली एक. म्हणजे आईचा संशय अगदीच खोटा नव्हता. पण आकड्यांच्या गणितांत भाषा नव्हतीच, तिथं सहा का चुकली?

चुका अशा होत्या. १/२ + १/३ = २/५. म्हणजे वरची वर, खालची खाली मिळवली. ०.३५ आणि ०.४ यांत मोठी कोणती? ०.३५, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. −३ − ५ = ८, कारण 'वजा वजा अधिक'. हा नियम गुणाकाराचा. पाठ करताना तो कुठला, हे गळून पडतं. ७ + ५ = □ + ४ या चौकटीत तिनं १२ लिहिले, कारण तिच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही'. त्या चिन्हाचा अर्थ 'दोन्हीकडं सारखं' असा पोचलेला नसेल, तर समीकरणाचा धडा सुरू होण्याआधीच बुडालेला असतो. आणि समीकरण ३क्ष + ५ = २०: इथं ३क्ष = १५ पर्यंत ठीक, पुढं क्ष = १५ − ३ = १२. 'पलीकडं गेलं की चिन्ह बदलतं' एवढंच शिकवलं की हीच चूक होते. ३ हा क्षला मिळवलेला नाही, गुणलेला आहे, हे त्या वाक्यात कुठंच नाही.

उरलेली सहावी चूक पाढ्यातली. सात नव्वे त्रेसष्ट तोंडानं बरोबर म्हटलं, लिहिले ३६. याला आपल्या भागात एक खास कारण आहे. मराठीत एकक आधी बोलतो, त्रे-सष्ट, सत्ते-चाळीस. कानडीत अरवत्तमूरु, नलवत्तेळु, म्हणजे दशक आधी, इंग्रजीतही तसंच. घरी मराठी, गल्लीत कानडी, वर्गात इंग्रजी ऐकणारं मूल घाईत अंक उलटे टाकतं, आणि घरचे त्याला वेंधळेपणा म्हणतात. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा धर्तीचं संख्यावाचन आलं तेव्हा त्याची भरपूर टिंगल झाली. तीन भाषांतल्या पोराला शिकवणाऱ्याला तरी त्यात हसण्यासारखं काही दिसू नये.

उपाय सोपा ठेवला. पाढे मराठीतच ठेवायचे, इंग्रजीत नव्यानं पाठ करायचे नाहीत, फक्त उत्तर लिहिताना दशकाची जागा आधी भरायची. पाढेही सगळे नकोत. १ ते १० मधले गुणाकार शंभर दिसतात, पण ७ × ८ आणि ८ × ७ एकच धरले की ५५ उरतात. १, २, ५ आणि १० चे तिला येतच होते. ते काढले की ३, ४, ६, ७, ८, ९ यांचे आपसांतले फक्त २१. एकवीस चिठ्ठ्या केल्या. रोज सात, आणि जी अडली ती दुसऱ्या दिवशी पुन्हा.

अपूर्णांकाला मात्र वेळ दिला, कारण दशांश, शेकडा, गुणोत्तर सगळं त्याच्यावर उभं आहे. चौकटीच्या वहीत बारा चौकटींची पट्टी आखून घेतली. हिच्यातला अर्धा किती? सहा चौकटी. एक तृतीयांश? चार. मिळून दहा, म्हणजे १०/१२, म्हणजे ५/६. मग तिचं जुनं उत्तर २/५ शेजारी ठेवलं. अर्ध्यात काहीतरी घातलं आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं, हे कसं? ती बराच वेळ पट्टीकडं बघत बसली. नंतर दिलं १/४ + १/५. बारा चौकटींचे पाच सारखे भाग होईनात. दोनदा पट्टी आखून खोडली आणि म्हणाली, "वीसची पाहिजे." लसावि म्हणजे हेच. तो तिला सहावीतच शिकवला होता, पण कशासाठी ते ठाऊक नव्हतं.

आजोबांचा इथं उपयोग झाला. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड यांचे जुने पाढे, अजून पाठ. औटकीसुद्धा (औट म्हणजे साडेतीन). ते बाजाराचा हिशेब नातीला विचारायचे. किलोला २४ रुपये तर सव्वातीन किलो बटाटे कितीला? ती तोंडी सांगायची: बहात्तर आणि सहा, अठ्ठ्याहत्तर. तेच वहीत ३ १/४ × २४ असं लिहिलं की हात थांबायचा. म्हणून आधी तोंडी, मग तेच कागदावर: सव्वातीन म्हणजे १३ पाव, १३/४ × २४ = १३ × ६ = ७८. दोन्ही उत्तरं जुळली की खूण करायची.

ऋण संख्यांना किराणा दुकानातली उधारीची वही पुरली. ३ रुपये देणं, त्यात आणखी ५ देणं, म्हणून −८. आणि −३ − (−५) म्हणजे ३ देणं असताना ५ ची उधारी माफ, हातात +२. समीकरणात 'पलीकडं' हा शब्दच बंद केला. समीकरण म्हणजे तराजू: दोन्ही पारड्यांतून ५ काढा, मग दोन्ही पारड्यांचे तीन सारखे वाटे करा, क्ष = ५. शेवटची ओळ सक्तीची: उत्तर मूळ गणितात घालून बघायचं. १२ घातले तर ३ × १२ + ५ = ४१. वीस कुठं, एकेचाळीस कुठं!

शाब्दिक गणितांची अडचण खरोखर भाषेची होती. 'हाऊ मच मोअर' दिसलं की ती बेरीज करायची, कारण मोअर म्हणजे जास्त. 'फाइव्ह लेस दॅन अ नंबर' ला ५ − क्ष लिहायची. शब्द त्या क्रमानं येतात ना. मराठीत 'एका संख्येपेक्षा ५ ने कमी' म्हटलं की क्ष − ५ आपोआप येतं. म्हणून इंग्रजी गणित वाचून आधी मराठीत सांगायचं, पेन हातात न घेता. शिवाय एक तीन रकान्यांची वही केली: गुणोत्तर, रेशो, अनुपात; अपूर्णांक, फ्रॅक्शन, भिन्नराशी; त्रिकोण, ट्रँगल, त्रिभुज. तिसरा रकाना कानडीचा. शेजारची ताई कानडी माध्यमातली आहे, तिची मदत घेताना तो लागतो.

रोज पंचवीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस. तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली. ट्यूशनमध्ये एकाच प्रकारची चाळीस गणितं दिली होती, तिनं चाळीसही बरोबर सोडवली, घरी पेढे वाटायचेच बाकी होते. दोन दिवसांनी बेरीज, वजाबाकी, गुणाकार मिसळून आठ गणितं दिली तर पाच चुकली. चाळीस वेळा एकच रीत चालवताना 'कुठली रीत' हे ठरवावंच लागत नाही, आणि परीक्षेत नेमकं तेच ठरवावं लागतं. त्यानंतर सरांना विनंती केली: गणितं बाराच द्या, पण मिसळून, आणि त्यांतली चार मागच्या आठवड्यातली.

वडिलांनी एकदा हळूच विचारलं, हा काही आजार तर नसेल? या वयात ६ + ७ ला बोटं लागत असतील, घड्याळ वाचता येत नसेल, ५८ आणि ८५ मधली मोठी संख्या सांगताना गोंधळ होत असेल, आणि काही महिने नीट शिकवूनही फरक पडत नसेल, तर डिस्कॅल्क्युलियाची (गणिताशी संबंधित अध्ययन अक्षमतेची) तपासणी जरूर करावी. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. या मुलीत तसं काही दिसलं नाही.

सहा आठवड्यांनी वीसपैकी बारा पडले. भूमितीतले चार गेले, कारण तिकडं अजून वळलोच नव्हतो. आईला बारा कमी वाटले. उत्तरपत्रिका मागवून चुका बघितल्या तर जुन्यांपैकी एकच उरली होती, दशांशाची, ०.५ × ०.५ = २.५. जाता जाता आईनं विचारलं, "आता आठवीला दुसरी ट्यूशन लावू काय?" सध्या नको, असं सांगितलं. सुट्टीत दहा बाय दहाच्या चौकटी आखून दशांश पक्के करायचे, रंगवायला अर्ध्याचा अर्धा. मुलगी मध्येच म्हणाली, "पाव की. म्हणजे पंचवीस चौकटी."