आजोबांच्या लुनाचं इंजिन सायकलला बसवायचं आहे. इंजिन काढून घेऊन बाकीचा सांगाडा भंगारात दिला तर चालेल का?

नका देऊ. निदान दोन्ही चाकं तरी काढून ठेवा. काकांच्या लुनाच्या बाबतीत मी हीच घाई केली होती. फक्त इंजिन आणि पुढचं चाक ठेवलं, बाकी सगळं किलोवर घातलं, आणि मग ते निस्तरण्यात अख्खा पावसाळा गेला.

१९७२ साली कायनेटिकने लुना बाजारात आणली ती इटलीच्या पियाज्जोच्या 'चाओ' या मोपेडवरून, परवाना घेऊन. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. त्या जुन्या रचनेत इंजिनाला गिअरबॉक्स नाहीच. क्लचपासून पट्टा निघतो, मागच्या पुलीवर जातो, आणि तिथे चाकालगतच एक छोटी गिअरची पेटी असते. इंजिनाचे फेरे कमी करून ताकद चाकापर्यंत पोचवायची, यातलं मोठं काम तिथे मागेच होतं. तुमची गाडी त्या पिढीतली असेल तर नुसतं इंजिन काढून घेणं म्हणजे अर्धी लुना टाकून देणं.

आकडेमोड करून बघा. आपल्या साध्या सायकलचं २८ इंची चाक एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं. ताशी ३० किलोमीटर म्हणजे मिनिटाला ५०० मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे २२७ फेरे. इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या आसपास चालवायचं तर इंजिनाचे जवळपास १८ फेरे झाले की चाकाचा एक व्हायला हवा. मी आधी सरळ साखळी जोडली होती, पुढे ११ दात आणि मागे ४४. त्याने मिळाले फक्त ४ पट. सपाट बांधावरसुद्धा क्लच घसरायचा आणि जळका वास सुटायचा. शेवटी मध्ये २० मिलिमीटरची एक शाफ्ट दोन पेडेस्टल बेअरिंगवर बसवली. क्लचकडून त्या शाफ्टवर पट्ट्याने साडेचार पट, शाफ्टवरून चाकाला साखळीने ४ पट. मग कुठे गाडी उचलायला लागली. लुनाचं मागचं चाक हाताशी असतं तर हा खटाटोप लागलाच नसता. तिची पेटी लहान चाकासाठी आहे, त्यामुळे ती सायकलच्या मोठ्या चाकात बसवली की चढाला इंजिन दमेल आणि पॅडल मारून मदत करावी लागेल. तरी माझ्या मते सगळ्यात सुटसुटीत वाट तीच.

मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीची दातेरी चकती, स्पोकना रबर लावून आवळायची युक्ती कुणीतरी सांगेलच. ती करू नका. माझे चार दिवसांत सात स्पोक तुटले. टर्नरकडून हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, घट्ट बसणारी दोन तुकड्यांची कॉलर करून घ्या आणि स्प्रॉकेट तिला बोल्टने जोडा. इंजिनाच्या पट्ट्या फ्रेमच्या पातळ पाइपला वेल्डिंग करण्यापेक्षा क्लॅम्पने बांधा, खाली रबर घालून. वेल्डिंगशेजारी पाइप कमजोर होतो आणि हादऱ्याने तिथेच चिरतो.

आता इंजिन. वर्षानुवर्षं पडून असेल तर पिस्टन जाम असणार. हातोडा उचलू नका. प्लग काढून त्या भोकातून थोडं डिझेल सोडा आणि वाट बघा. मी रोज संध्याकाळी गोठ्यात जाऊन मॅग्नेटला, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला, हात लावून बघायचो. तिसऱ्या दिवशी तो केसभर सरकला. एवढंसंच, पण बोटांना कळलं. मग पुढे-मागे करत, थोडं थोडं डिझेल घालत, तासाभरात पूर्ण फिरला. त्यानंतर ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ केले, कंडेन्सर नवा टाकला आणि क्रँकचे दोन्ही ऑइल सील बदलले. सीलची कंजुषी अजिबात नको. टू-स्ट्रोकमध्ये सील सुकलं की तिथून हवा आत ओढली जाते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि मोकळा केलेला पिस्टन पुन्हा धरतो. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं, म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची वायसरंही नवी घाला. मी लिटरला ४० मिली टू-टी ऑइल घालतो. धूर थोडा जास्त होतो, पण जुन्या बोअरला ते मानवतं.

ब्रेकबद्दल मात्र मी हट्टाने सांगेन: आधी ब्रेक, मग इंजिन. ताशी १५ वरून ३० वर गेलात की थांबवायची ऊर्जा चौपट होते. सायकलचे सळईचे ब्रेक गुळगुळीत स्टीलच्या रिमवर पावसात जवळजवळ लागतच नाहीत. मी लुनाचा पुढचा ड्रम ब्रेक वापरला. माझ्या हबला ३६ भोकं होती आणि सायकलची पुढची रिम ३२ ची, त्यामुळे ३६ ची रिम वेगळी आणावी लागली. ड्रमची पट्टी पुढच्या चिमट्याला (फोर्कला) पक्की बांधली नाही तर ब्रेक दाबताच प्लेटच गरगर फिरते, हे तपासल्याशिवाय बसू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगायलाच हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे चारपेक्षा कमी चाकांचं वाहन २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाचं असेल तरच 'मोटार वाहन' या व्याख्येतून सुटतं. लुनाचं इंजिन ५० सीसीचं. म्हणजे नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागू, आणि लुनाचं जुनं आरसी बुक सायकलच्या फ्रेमला चालत नाही. विमा नसताना अपघात झाला तर समोरच्याला भरपाई देताना घर विकायची वेळ येईल. म्हणून माझी सायकल आमच्या शिवारातच फिरते, विहिरीपासून वरच्या वाडग्यापर्यंत. डांबरी रस्त्यावर मी ती काढत नाही.

तुमच्याकडे तशी मोकळी जागा आहे का? नसेल, आणि लुनाचे कागद घरात सापडत असतील, तर इंजिन काढूच नका. सील, पॉइंट आणि नळी बदलून आजोबांची लुनाच पुन्हा चालू करा. कागदांची मुदत संपली असेल तर आरटीओत नोंदणीच्या नूतनीकरणाची चौकशी करा. भंगारवाल्याला मात्र आजच 'थांब' म्हणून सांगा.