सुखालाच सर्वस्व मानणारा माणूस सज्जन असू शकतो का?

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस सुखालाच परम ध्येय म्हणतो, मग त्याने नीतीने वागायचं कशासाठी, असं तुम्ही विचारलंय. पुढे आपल्याकडच्या, परलोक न मानणाऱ्या चार्वाकालाही त्याच माळेत ओवून जोडलंय, 'शेवटी हे सगळं स्वार्थाचंच तत्त्वज्ञान ना?' त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. माझ्या मोठ्या भावाने आमच्या वडिलांबद्दल हेच म्हटलं होतं, तेही त्यांच्या तेराव्याला, पंगत उठायच्या आत.

उत्तर आधी सांगते. असू शकतो. शहाणपणाने, सचोटीने आणि न्यायाने वागल्याशिवाय सुखाने जगता येत नाही, हे खुद्द एपिक्युरसचंच म्हणणं आहे. त्याच्या लेखी सुख म्हणजे अंगाला दुखणं नाही आणि जिवाला घोर नाही, इतकंच. इसवी सनपूर्व ३०६ च्या सुमारास त्याने अथेन्समध्ये बाग घेतली आणि मित्रांसोबत तिथेच राहिला. त्या बागेत बायका आणि गुलामसुद्धा शिकत. खाणं साधं. एका मित्राला त्याने लिहिलंय की चीजचं एक मडकं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. चैनबाजीचा शिक्का त्याच्यावर विरोधकांनी मारला. चार्वाकाचंही तेच झालं. 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' (कर्ज काढा, पण तूप प्या) ही ओळ आपल्याला ठाऊक आहे ती चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'मुळे, आणि तो ग्रंथ चार्वाकाचं खंडन करणाऱ्याचा. चार्वाकांचे मूळ ग्रंथ शिल्लकच नाहीत. समोरच्या पक्षाच्या वकिलाने सांगितलेली हकीकत आपण अशिलाची म्हणून पाठ करतो.

आता अण्णांबद्दल, म्हणजे आमच्या वडिलांबद्दल.

आम्ही मिरजेचे. अण्णा सरकारी कचेरीत कारकून. बढती दोनदा चालून आली, दोन्ही वेळा बदली होणार होती, दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं. कारण एकच, संध्याकाळी सहा वाजता सतारमेकर गल्लीत चाचांच्या दुकानात जाऊन बसायचं. चाचा तानपुरे करायचे. माळ्यावर मंगळवेढ्याकडून आलेले वाळके भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा, कोपऱ्यात लाखेचा वास. लहानपणी अण्णांचं बोट धरून मी कितीतरी वेळा गेलेय. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीवर चाचा हलकीच कानस फिरवायचे, तार पुन्हा चढवायचे, मग तारेखाली सुताचा धागा घालून तो केसाकेसाने सरकवायचे. तार छेडायचं काम अण्णांचं. आवाज बसका, बसका, बसकाच, आणि मग एका जागी धागा आला की तीच तार अशी खुलायची की जणू आत दुसरंच कुणी गायला लागलंय. "थांबा. हितंच," अण्णा म्हणायचे. चाचा मान हलवायचे. आवाज असा खुलवायच्या या कामाला जवारी म्हणतात, आणि एका जवारीला कधी कधी अख्खी संध्याकाळ जायची. मग दोघांत एक कप चहा. अण्णांनी उभ्या जन्मात कुणाकडून एक रुपया उसना घेतला नाही. तूप तर त्यांना सोसायचंच नाही.

दादाला हे कधीच पटलं नाही. त्याचं दैवत कर्तव्य. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ साली गीतारहस्य लिहिलं, त्यात 'आधिभौतिक सुखवाद' असं एक अख्खं प्रकरणच आहे आणि चार्वाक त्यात सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. दादा ते प्रकरण मला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि अण्णा शेजारच्या खोलीत असायचे. टिळकांचा युक्तिवाद भक्कम आहे, मी तो नाकारत नाही. पण तो अण्णांना लागू होत नव्हता, आणि दादाला ते कळत होतं.

अण्णा गेले ते मुतखड्याच्या दुखण्यातून. लघवी तुंबली, मग किडन्या. शेवटच्या आठवड्यात वेदना एवढ्या, की पलंगाची दांडी धरून धरून त्यांच्या तळहाताला वळ उठले होते. चाचा रोज यायचे. जाण्याच्या चार दिवस आधी अण्णांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आईचं काहीतरी सांगतील. म्हणाले, "त्या पोरीच्या नर्सिंगच्या फॉर्मची शेवटची तारीख वीस आहे. फोटो माझ्या पाकिटात आहेत." पोरगी म्हणजे गल्लीतल्याच त्यांच्या दुसऱ्या एका मित्राची मुलगी. तो मित्र पाच वर्षांपूर्वी वारला होता आणि तिच्या शाळेचं सगळं अण्णाच बघत होते. आम्हाला घरात पत्ता नव्हता. मग ते चाचांना म्हणाले, "त्या थोरल्या तानपुऱ्याची जवारी आठवतीया?" आणि हसले. खरं हसले, मी समोर होते.

तीन वर्षांनी मी एपिक्युरसचं शेवटचं पत्र वाचलं. इसवी सनपूर्व २७०. तोही मुतखड्यानेच, लघवी तुंबून, चौदा दिवस तळमळून गेला. इडोमेनिअस या मित्राला तो लिहितो की हा माझ्या आयुष्यातला सुखाचा आणि शेवटचा दिवस. वेदना याहून वाढू शकत नाहीत, पण आपण मारलेल्या गप्पांच्या आठवणीने होणारा आनंद मी त्यांच्यासमोर उभा केलाय. आणि लगेच पुढे, मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष दे. मेट्रोडोरस हा त्याचा आधीच वारलेला मित्र. बसमध्ये वाचत होते, कोल्हापूर येईपर्यंत पुढचं पान उलटलं नाही.

म्हणून 'स्वार्थाचं तत्त्वज्ञान' हा शब्द मला सोसत नाही. सुख ओळखता येणारा माणूस दुसऱ्याचं दुखणंही लवकर ओळखतो, असं माझं ठाम मत आहे. कर्तव्य कर्तव्य करणारी माणसं मी जवळून पाहिलीत. ती फीचे पैसे देतात, पण फॉर्मची तारीख त्यांच्या लक्षात राहत नाही.

आता दोन गोष्टी, ज्या मला आधीच सांगायला हव्या होत्या.

पहिली. एपिक्युरसचा सिद्धांत त्याच्या त्या पत्राला पुरा पडत नाही. रोमन विचारवंत सिसेरोने हे नेमकं पकडलंय. माझं सुख हेच ध्येय असेल, तर मी मेल्यावर मेट्रोडोरसच्या मुलांचं काय होतं याची मला काळजी का? सिसेरो म्हणतो, माणूस त्याच्या मतापेक्षा चांगला होता. याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या प्रश्नाचा खरा अवघड भाग हाच आहे. इथे मला अरिस्टॉटल जास्त पटतो. त्याच्या मते सुख ही नुसती आत वाटणारी गोष्ट नाही, ते जन्मभर चांगलं करत राहण्यात असतं आणि त्यात मित्र हवेतच. तो असंही स्पष्ट सांगतो की गाठीला थोडंफार साधन लागतं.

त्यावरून दुसरी. साधन आमच्याकडे नव्हतं. अण्णांनी बढती नाकारली तेव्हा आई रात्री अकरापर्यंत साड्यांना फॉल-पिको करत बसायची. दादाला इंजिनिअरिंगला जायचं होतं, डिप्लोमावर भागवावं लागलं. अण्णांच्या संध्याकाळींची किंमत या दोघांनी मोजली आणि अण्णांनी त्यांना विचारलं नव्हतं. दादाचा राग खोटा नाही. फक्त त्याने तो तेराव्याला काढायला नको होता, आणि तो चार्वाकाच्या नावाने काढायला नको होता.

वाचायचंच असेल तर एपिक्युरसने मेनोइकेअसला लिहिलेलं पत्र वाचा, जेमतेम काही पानांचं आहे. मग अरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे आठवा आणि नववा हे दोन भाग, दोन्ही मैत्रीवर. गीतारहस्याचं चौथं आणि पाचवं प्रकरणही वाचा, पण शेजारच्या खोलीत कुणी ऐकत असेल तर मनात वाचा.

आणि तुमच्या घरात रोज ठरल्या वेळी कुठेतरी जाऊन बसणारं कुणी असेल, तर त्याला स्वार्थी म्हणण्याआधी एक दिवस सोबत जाऊन बघा. दादा चाचांच्या दुकानात एकदाही आला नाही. चाचा अजून आहेत. दुकान साडेआठपर्यंत उघडं असतं.