टेक्स्टबॉक्स१४ म्हणजे नेमकं काय?

बाबू, तू कॉम्प्युटरवर बनवलेला काटापावतीचा फॉर्म पाहिला. चालतो चांगला. पण आत माहिती भरायच्या चौकटींची नावं टेक्स्टबॉक्स१ ते टेक्स्टबॉक्स१४! यातला कापसाचा भाव कोणता अन् गाडीचं वजन कोणतं, हे दिवाळीनंतर तुलाच सांगता येणार नाही.

मी व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी ६) या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवर शिकलो. टेक्स्टबॉक्सला टीएक्सटी, नुसता मजकूर दाखवणाऱ्या लेबलला एलबीएल, कमांड बटनाला सीएमडी असं नावाच्या सुरुवातीला लावायची रीत होती. चार्ल्स सिमोनी या प्रोग्रामरच्या, नावाआधी असा प्रकार लावायच्या हंगेरियन पद्धतीचीच ही भावकी. व्हीबी ६ नंतर आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवाले आता असे उपसर्ग नको म्हणतात. कंट्रोलला, म्हणजे फॉर्मवरच्या बॉक्स-बटनांना, मी मात्र अजूनही लावतो. कोड लिहिताना टीएक्सटी टाइप केलं की सगळे बॉक्स सुचवलेल्या नावांच्या यादीत एका जागी येतात. तुला प्रकार नावाच्या शेवटी जोडायचा तर जोड, फक्त एकच रीत धर.

एका जिनिंगवर मी बॉक्स३ अन् बॉक्स४ ची अदलाबदल केली होती. भरल्या गाडीचं वजन रिकामीच्या जागी बसलं, पावतीवर निव्वळ वजन उणे! शेतकरी काट्यावरच ताटकळला.

अन् नाव बदलायचं ते बटनावर डबल क्लिक करून त्याचा कोड लिहिण्याआधी. व्हीबी ६ मध्ये नंतर बदललं की क्लिकचा कोड जुन्याच नावानं पडून राहायचा, बटन दाबलं तरी ढिम्म. डॉटनेटमध्ये बटन चालतं, पण कोडात बटन१_क्लिक हे जुनं नाव तसंच राहतं.

ज्या लेबलाला कोड हातच लावत नाही, त्याचं बारसं करत बसू नको.