दगडी ‘हत्यारे’ की ‘अवजारे’?

प्रश्न असा : मध्य प्रदेशातल्या भीमबेटकासारख्या ठिकाणी आदिमानवाच्या चित्रांसोबत सापडणाऱ्या दगडी वस्तूंना ‘हत्यारे’ का म्हणतात? हत्यार म्हणजे हत्येचं साधन. ‘अवजारे’ जास्त योग्य नाही का?

हत्याराचं नातं हत्येशी नाही, हाताशी आहे. प्राकृतात ‘हत्थियार’, मुळाशी ‘हस्त’. सुतार, न्हावी, गवंडी आपापल्या सामानाला ‘हत्यारं’च म्हणतात आणि कुणी दचकत नाही. उलट अश्मयुगासाठी हा शब्द फार सोयीचा. एकाच दगडी पात्याने शिकार मारली, कातडंही सोललं, तर ते शस्त्र की अवजार, हा निवाडा करावाच लागत नाही.

मला खटकतो तो ‘सूक्ष्मास्त्र’, चिमुकल्या दगडी पात्यांसाठीचा शब्द. मध्याश्मयुगातली ही पाती जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची; काही त्रिकोणी, काही चंद्रकोरीसारखी. चंद्रकोरीची सरळ बाजू धारेची, आणि कमानीची बाजू बारीक टवके काढून मुद्दाम बोथट केलेली, म्हणजे ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने नीट बसते. आता ‘अस्त्र’ म्हणजे फेकून मारायचं ते. पातं बाणाला बसवलं तर ठीक, सुरीला बसवलं तर? शिवाय अस्त्र म्हटलं की हल्ली क्षेपणास्त्रच डोळ्यांपुढे येतं! मी ‘सूक्ष्म हत्यारे’ लिहितो. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत मात्र ‘सूक्ष्मास्त्रे’ रुळलाय. संदर्भ शोधताना तोच वापरा.

जाता जाता, ‘गुहाचित्रे’ही जपूनच. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ मध्ये उजेडात आणलेल्या भीमबेटकाची बहुतेक चित्रं अंधाऱ्या गुहेत नाहीत, वालुकाश्माच्या पुढे आलेल्या कड्यांखाली आहेत. त्या आडोशांना शैलाश्रय म्हणतात, म्हणून शैलचित्रे. कोकणातली कातळशिल्पे आणखी वेगळी : उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्यात कोरलेली.

चित्रं आणि हत्यारं यांची सांगड जुनी आहे. १८६७-६८ च्या सुमारास ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्चिबॉल्ड कार्लाइल यांना विंध्यातल्या शैलाश्रयांत दोन्ही दिसली. हत्यारांबरोबर मातीत तांबड्या दगडाचे तुकडे होते, एखाद-दुसऱ्या बाजूने घासून सपाट झालेले, जणू रंगासाठी उगाळलेले. इंग्रजीत लिहितानाही त्यांनी त्याला ‘गेरू’च म्हटलं, त्यामुळे निदान तिथे तरी प्रतिशब्दाचा वाद नाही.