मेंदूज्वर म्हणायचं की मेनिंजायटिस?

राजारामपुरीतून प्रश्न आलाय: आजोबांच्या डिस्चार्ज कार्डावर 'टीबी मेनिंजायटिस' लिहिलंय, भेटायला येणारे पै-पाहुणे मात्र 'मेंदूज्वर' म्हणतात. दोन्ही एकच का? आणि गल्लीतल्या पोराचा मेंदूज्वर आठवड्यात बरा झाला, मग आजोबांना वर्षभर गोळ्या कशाला?

दुसऱ्या प्रश्नाचं मूळ पहिल्यातच आहे. मेंदूज्वर हा शब्द आपण फार सैल वापरतो. खुद्द मेंदूला सूज आली तरी मेंदूज्वर (डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर त्यातलाच) आणि मेंदूभोवतीच्या आवरणांना आली तरी मेंदूज्वरच. मेनिंजायटिस म्हणजे फक्त ही आवरणांची सूज. पुस्तकी मराठीत मस्तिष्कावरणदाह. अर्थाला चोख, पण दवाखान्यात कोण बोलणार?

नुसतं मेनिंजायटिस म्हणूनही भागत नाही, कारण उपचार ठरतात ते कारणावर. जिवाणूंचा असेल तर उशीर जिवावर बेततो. तपासणीच्या रिपोर्टची वाट न बघता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी अँटिबायोटिक्स शिरेतून सुरू करतात. बऱ्याचदा पहिल्या डोसाच्या आधी किंवा बरोबरच डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही देतात. विषाणूंचा बहुधा विश्रांती, तापाची औषधं आणि गरज पडल्यास सलाइन यांवर निभावतो. हर्पिस या विषाणूची शंका असली की त्यावरचं असायक्लोविर हे औषध. त्या पोराचा बहुतेक विषाणूंचाच असावा. बुरशीचा सहसा प्रतिकारशक्ती खचलेल्यांना होतो, त्याला अँफोटेरिसिन-बी लागतं.

आजोबांच्या प्रकारात क्षयाचे जंतू आवरणांपर्यंत पोचलेत. ते चिवट. पहिले दोन महिने सहसा चार औषधं, पुढे कमी, सगळं मिळून साधारण ९ ते १२ महिने. सुरुवातीचे काही आठवडे स्टेरॉइडही. ताप उतरला, आजोबा चालायला लागले, म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत.

जाता जाता, 'पाठीतलं पाणी काढणं' (म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी सुईनं तपासायला घेणं) हा लोकांचा शब्दप्रयोग मला आवडतो. ऐकून नातेवाईक घाबरतात, पण सुई मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्या खाली टोचतात. कोणता मेनिंजायटिस, हे मुख्यतः त्या पाण्यावरूनच कळतं.

तेव्हा पाहुण्यांना काय सांगायचं? आपल्याकडची म्हातारी माणसं म्हणतात तसं सांगा: 'टीबी मेंदूत गेलाय.' शास्त्राच्या काट्यावर थोडं ढिलं आहे, पण त्यात कारण आलं. मेंदूज्वरात तेच येत नाही.